चांदी नाण्यात गेली, धूळ घरात राहिली

(नाशिक येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

काल संध्याकाळी आपण सगळ्या पांडवलेण्यांवर जाऊन आलो. चढताना काहीजणींना धाप लागली, पण वर गेल्यावर गौतमी बलश्रीच्या लेखासमोर आपण बराच वेळ थांबलो. सातवाहन राजघराण्यातली ही आजी. मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी ती लेणे दान देते आणि लेखात मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करवते. आपल्याला याचे कौतुक वाटते, कारण दोन हजार वर्षांपूर्वीची एक बाई इथे नावानिशी भेटते. तो मुलगाही आईच्याच नावाने ओळखला जातो, गौतमीपुत्र.

शेजारच्या दहाव्या लेण्यात आणखी एक बाई आहे. नहपानाची मुलगी दक्षमित्रा. तिच्या दानाचा लेख तिथे आहे. तिचा नवरा उषवदात याच्या लेखात तर पैशाचा चोख हिशेब आहे. तीन हजार कार्षापण त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एकीकडे, शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने, दरमहा. काल एका मैत्रिणीने विचारले, "हे नाणे कशाचे होते? चांदीचे ना? मग चांदी कुठून आली?"

मला वाटते, तिने फार चांगला प्रश्न विचारला. आजचे माझे बोलणे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. पण उत्तर चांदीपाशी थांबत नाही. ते शिशापर्यंत जाते, आणि शिशापासून थेट आपल्या चुलीपर्यंत आणि आपल्या हाडांपर्यंत येते.

शिशाच्या पोटातली चांदी

आपल्या नाशिक जिल्ह्यात, गोदावरीकाठच्या जोगलटेंभीला, १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उठवलेला. इतिहासाच्या पुस्तकात हे नहपानाच्या पराभवाचा पुरावा म्हणून शिकवतात. ठीक आहे. पण आपण त्या नाण्याकडे श्रमाच्या बाजूने बघू.

जुन्या काळात चांदी फार क्वचित शुद्ध रूपात सापडे. बहुतेक चांदी मिळे ती शिशाच्या धातुकातून, म्हणजे गॅलेनातून. हा दगड दिसायला करडा, चकचकीत. फोडला तर चौकोनी तुकडे पडतात, आणि हातात घेतला तर आकाराच्या मानाने फारच जड लागतो. त्यात शिसे आणि गंधक असते, आणि शिशाच्या पोटात चिमूटभर चांदी. हजार भाग शिशात एक भाग चांदी मिळाली तर ते धातुक चांगले म्हणायचे.

आता कच्चा हिशेब करा. नहपानाचे एक नाणे साधारण दोन ग्रॅमचे. तेरा हजार नाणी म्हणजे सव्वीस किलो चांदी. हजारात एक या हिशेबाने तेवढ्या चांदीसाठी सव्वीस टन शिसे गाळावे लागेल. दोनतीन मालट्रक भरून शिसे. आणि ते शिसे निघण्याआधी त्याच्या कितीतरी पट दगड फोडावा लागला असणार. चांदी पुन्हा पुन्हा वितळवून वापरतात हे खरे, पण पहिल्यांदा ती कोणीतरी दगडातून काढलेलीच असते.

ही अवजारे आपल्या ओळखीची आहेत

हे काम कसे चालायचे ते सांगते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर, तसेच राजपुरा-दरिबा आणि रामपुरा-आगुचा इथे इसवी सनापूर्वीच्या काळापासूनच्या शिसे-जस्ताच्या खाणी आहेत. १९८० च्या दशकात बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून त्यांचा अभ्यास केला. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या पद्धतींबद्दल आज बरेच माहीत आहे.

सगळ्यात आधी दगड फोडणे. सुरुंगाची दारू नव्हती. खडकाला लागून लाकडे रचायची, आग पेटवायची. खडक तापला की तडकतो. मग छिन्नी-हातोड्याने तो सुटा करायचा आणि टोपल्यांतून वर आणायचा.

वर आणलेला दगड निवडायचा. चांगला एकीकडे, फुकट दुसरीकडे. आपण गहू निवडतो तसाच. मग तो कुटायचा. त्यासाठी उखळासारखे खळगे आणि दगडाचे वरवंटे. नंतर धुणे. मैत्रिणींनो, तांदूळ रोळताना आपण काय करतो? रोळीत पाणी घेऊन हाताने फिरवतो, तांदूळ वर येतात, खडे तळाला बसतात. धातुक धुण्याची युक्ती तीच, फक्त इथे तळाला बसते ते ठेवायचे आणि वरचे टाकायचे. गॅलेना साध्या गारगोटीपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते, म्हणून ते खाली राहते. चाळणी, उतरती फळी, पाण्याचा पाट एवढ्यावर हे काम शेकडो वर्षे चालले.

मग भाजणे. धुतलेले धातुक उघड्या आगीवर भाजले की गंधक उग्र धूर होऊन उडून जाते. त्यानंतर कोळशाबरोबर मातीच्या भट्टीत घालायचे आणि भात्याने वारा द्यायचा. शिसे ३२७ अंशालाच वितळते. त्यामुळे ते लवकर खाली उतरते.

शेवटची पायरी चांदी वेगळी करण्याची. हाडांच्या किंवा लाकडाच्या राखेची उथळ कुंडी करायची, त्यात शिसे तापवायचे आणि वरून फुंकणीने किंवा भात्याने वारा घालत राहायचे. हवेने शिशाचे मुरदाडशिंग होते. काही राखेत मुरते, काही काढून टाकतात, काही वाफ होऊन हवेत जाते. कुंडीत मागे उरतो तो चांदीचा लहानसा मणी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही चांदी शुद्ध करण्यासाठी चौथा हिस्सा शिसे घालायला सांगितले आहे, म्हणजे ही विद्या आपल्याकडे चांगलीच मुरलेली होती.

आता अवजारांची यादी पुन्हा मनात आणा. टोपली, उखळ, वरवंटा, रोळी, चाळणी, राख, फुंकणी. यातले कोणते अवजार तुमच्या आजीच्या घरात नव्हते?

नाव कोणाचे, हात कोणाचे

मी असे म्हणत नाही की हे सगळे काम बायकांनीच केले. पण जिथे लिहिलेला किंवा चितारलेला पुरावा मिळतो तिथे निवडणे, कुटणे आणि धुणे ही कामे वारंवार बायका-मुलांकडेच दिसतात. युरोपात १५५६ साली अ‍ॅग्रिकोला नावाच्या विद्वानाचा खाणकामावरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यातल्या चित्रात लांब टेबलाशी बायका धातुक निवडताना दिसतात. इंग्लंड-वेल्समधल्या शिशाच्या खाणींवरही दगड फोडायला आणि धुवायला बायका-मुले असत. भट्टीवरचा कसबी मात्र पुरुष, आणि मजुरीचा फरकही त्याप्रमाणे.

जाता जाता एक सांगते. अ‍ॅग्रिकोलाचा तो लॅटिन ग्रंथ १९१२ साली इंग्रजीत आला तो लू हेन्री हूवर आणि तिच्या नवऱ्याने मिळून केलेल्या भाषांतरामुळे. ती स्वतः भूगर्भशास्त्राची पदवीधर होती. नवरा पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि ती लोकांच्या लक्षात राहिली ती अध्यक्षाची बायको म्हणून. हे आपल्याला नवे नाही.

इकडे आपल्या सराफ बाजारांच्या आसपास झारेकरी लोक हीच विद्या पोटासाठी करत आले. सोनारांच्या दुकानातली आणि दारातली धूळ, गटारातला गाळ गोळा करायचा, पाण्यात घोळून घोळून जड कण वेगळे करायचे आणि मग तापवून त्यातला सोन्या-चांदीचा अंश काढायचा. पहाटे बाजार झाडून धूळ भरणाऱ्या मावशी काहीजणींनी पाहिल्या असतील. त्यांचे हात डोळे मिटूनही जड आणि हलका कण ओळखतात. याला आपण कसब म्हणत नाही, कचरा वेचणे म्हणतो.

सातवाहनांनी तर शिशाचीच नाणी भरपूर पाडली. त्या काळच्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवहीत भडोचच्या बंदरात बाहेरून येणाऱ्या मालात तांबे, कथील आणि शिसे यांची नोंद आहे. म्हणजे शिशाचा व्यापार मोठा होता, त्याची नोंद राहिली, राजांचे ठसे राहिले. धुणाऱ्या-कुटणाऱ्यांची नोंद राहिली नाही.

धूळ कुठे गेली?

नोंद राहिली नाही म्हणजे परिणाम राहिला नाही असे नाही. शिसे विष आहे. त्याची धूळ आणि धूर श्वासातून जातात, हाताने तोंडात जातात. सुरुवातीला पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, थकवा, हिरड्यांवर निळसर रेघ. पुढे मनगट लुळे पडते. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात साठवते आणि तिथे ते वर्षानुवर्षे राहते. बाई गरोदर राहिली, अंगावर पाजू लागली की हाडातले कॅल्शियम सुटते आणि त्याबरोबर जुने शिसेही रक्तात उतरते. वारेतून ते बाळापर्यंत पोचते. म्हणजे मुलगी असताना अंगात गेलेले विष आई झाल्यावर बाहेर येते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसे जास्त शोषले जाते. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग आढळला. आता हे दोन आकडे-माहिती शेजारी ठेवून बघा.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला कारखानदार म्हणत, कामगार हात धुवत नाहीत म्हणून त्यांना विषबाधा होते. अमेरिकेत डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१० मध्ये इलिनॉय राज्यातले शिशाचे कारखाने पालथे घातले. कामगारांच्या घरी गेल्या, इस्पितळांच्या वह्या चाळल्या आणि दाखवून दिले की खरा दोष हवेतल्या धुळीचा आणि धुराचा आहे. म्हणजे सुधारायचे ते कारखान्याने. १९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या.

संरक्षण की हकालपट्टी?

पण कायद्याने कोणता मार्ग धरला? इंग्लंडमध्ये पांढऱ्या शिशाच्या कारखान्यांत हजारो गरीब बायका डोक्यावर ताटे वाहत. १८९८ मध्ये त्यांना सर्वांत धोकादायक कामांतून काढले गेले. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्याच परिषदेने शिफारस केली की शिशाच्या भट्ट्या, शिशातून चांदी काढणे, बॅटरीला शिशाचा लेप देणे आणि अशा जागांची झाडलोट यांवर बायका आणि मुले ठेवू नयेत. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ८७ ने धोकादायक कामांवर बायकांना बंदी घालण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करण्यास मनाई केली. त्यात सवलत मिळाली ती २०१९ मध्ये.

हेतू चांगला होता असे आपण धरू. तरी दोन प्रश्न राहतात. पहिला, जे काम बाईच्या बाळाला घातक आहे ते पुरुषाला चालते का? शिसे पुरुषाच्या वीर्यालाही बाधते, त्याच्या मेंदूला आणि मूत्रपिंडालाही. दुसरा, कारखान्याच्या दारातून काढलेली बाई गेली कुठे?

अमेरिकेतल्या दोन घटना सांगते. १९७८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रंगद्रव्याच्या कारखान्यात शिशाच्या विभागातली नोकरी टिकवायची म्हणून पाच बायकांनी नसबंदी करून घेतली. विचार करा, हवा स्वच्छ करण्यापेक्षा बाईचे गर्भाशय निकामी करणे कंपनीला सोपे वाटले. दुसरी घटना जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीची. मूल होऊ शकणाऱ्या प्रत्येक बाईला तिने शिशाच्या कामातून वगळले. पन्नाशीची असो की मूल नको असलेली असो. त्याच कंपनीत एका पुरुषाने, मला बाप व्हायचे आहे, शिसे उतरेपर्यंत रजा द्या, असे म्हटले तर त्याला रजा नाकारली. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे धोरण बेकायदा ठरवले. मूल आणि नोकरी यातले काय निवडायचे हे बाई ठरवील, मालक नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

मला हा निकाल अर्धाच पुरेसा वाटतो. विषारी कामाचा समान हक्क मिळवून आपण काय करणार? आपली मागणी अशी असायला हवी की काम असे करा की बाई, पुरुष कोणीही तिथे उभे राहून आजारी पडणार नाही.

आपल्या दारातले शिसे

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. कारखान्यातून बाहेर ठेवलेली बाई शिशापासून सुटली का?

मागे एकदा आम्ही एका वस्तीत आरोग्याची पाहणी करत होतो. एका घरामागे पत्र्याची शेड होती. जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या शिशाच्या पट्ट्या काढायच्या आणि लोखंडी कढईत वितळवून लगड करायची. भट्टी नवरा आणि दीर पाहायचे. ती म्हणाली, "ताई, मी काही काम करत नाही. घरीच असते." मग बोलता बोलता कळले की शेड रोज तीच झाडते, पट्ट्या तीच धुते, दोघांचे कपडे घरच्या बादलीत तीच पिळते. दीड वर्षाचे पोर त्याच अंगणात रांगत होते. पोराचे पोट दुखते, रंग उडालाय म्हणून ती दवाखान्यात जाऊन आली होती. जंताचे औषध मिळाले होते. घरी काय काम चालते, हे कोणी विचारले नव्हते. आणि खरे सांगते, आमच्याही पाहणीच्या फॉर्मात तो प्रश्न नव्हता.

१९१९ च्या शिफारशीत झाडलोटसुद्धा धोकादायक म्हटली होती. पण कारखाना कायदा लागू व्हायला विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार लागत, विजेशिवाय वीस. घरामागच्या शेडमध्ये ती एकटी, आणि तीही 'काम न करणारी'. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तो नियम अशा शेडपर्यंत पोचवणे हे आपलेही काम आहे. युनिसेफने २०२० मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करावी इतके शिसे आहे, त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली.

आणि शिसे फक्त शेडमधून येत नाही. बाळाच्या डोळ्यात घालायचा काही सुरमा म्हणजे चक्क बारीक वाटलेले गॅलेनाच. ज्या दगडापासून मी बोलायला सुरुवात केली तो दगड. शेंदूर म्हणजे परंपरेने भट्टीतले मुरदाडशिंग आणखी भाजून केलेले शिशाचे लाल भस्म. हळदीचे कुंकू वेगळे, बाजारातला स्वस्त लाल सिंदूर वेगळा. देवाला वाहा, त्याबद्दल माझे म्हणणे नाही, पण तो हात तसाच पोराच्या तोंडाला लागू देऊ नका. नाशिकची तांब्या-पितळेची भांडी प्रसिद्ध. त्यांची कल्हई शुद्ध कथलाचीच हवी, शिसे मिसळलेल्या स्वस्त धातूची नको.

आपण काय करायचे

भाषण संपवून टाळ्या घेऊन जाणे मला नको आहे. म्हणून चार गोष्टी मांडते, चर्चेत त्या दुरुस्त करा.

एक, आपल्या प्रत्येक पाहणीत आणि आरोग्य शिबिरात हा प्रश्न घालू या: घरात किंवा घरामागे कोणते काम चालते, आणि झाडलोट, कपडे धुणे कोण करते? 'काम करत नाही' हे उत्तर लिहून घेऊन पुढे जायचे नाही.

दोन, जिथे असे काम चालते तिथल्या बायकांची आणि मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी सरकारी दवाखान्यातून व्हावी, अशी लेखी मागणी करू या. तोवर कोरडे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, कामाचे कपडे वेगळे धुणे, पोरांना त्या जागेपासून लांब ठेवणे एवढे तरी सांगू या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या द्यायच्याच, पण त्याने धूळ नाहीशी होत नाही हेही सांगायचे.

तीन, बंदीची मागणी जपून करू या. शेड बंद करा म्हणताना त्या घराची चूल कशावर पेटणार, हा प्रश्न त्याच अर्जात यायला हवा. सुरक्षित, नोंदणी झालेल्या कारखान्यात बाईला आणि पुरुषाला दोघांनाही काम, धूर खेचणारी व्यवस्था, अंघोळीची सोय आणि कपडे तिथेच धुण्याची सोय, ही आपली मागणी.

चार, झारेकरी मावशींसारख्या बायकांच्या हातातली विद्या लिहून ठेवू या. त्या काय करतात, कोणत्या अवजाराला काय म्हणतात, कोणाकडून शिकल्या. हे त्यांच्याच शब्दांत, त्यांना विचारून.

काल परतताना एक मैत्रीण म्हणाली की लेण्यात दोन बायकांची नावे सापडली, बरे वाटले. मलाही वाटले. एकीचा मुलगा राजा होता, दुसरीचा बाप. ज्या बायकांनी दगड कुटला आणि धुतला, त्यांची नावे आता सापडणार नाहीत. पण त्या शेडमधली ताई आज आहे, आणि तिचे पोर आज तीन वर्षांचे आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्याकडे पुन्हा जाणार आहोत. आणखी कोणाला यायचे असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.